नगररस्ता आणि चक्री इंजिन

मुळामुठेच्या उत्तर तीरावरील मौजे खराडी, तालुका हवेली, हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जेथे शेतांचे बांध होते तेथे संगणक-व्यवसायाच्या उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या, एवढी हकीकत आज खराडीत सदनिका घेऊन राहणारा कोणीही सांगू शकेल. मात्र या गावाचा यंत्रयुगाशी संबंध संगणकाने आणला असे जो समजेल, त्याने गावाच्या शिवेवरून गेलेल्या नगररस्त्याचा विचार केलेला नाही, असेच म्हणावे लागेल. सुमारे १२० किलोमीटर लांबीचा हा मार्ग प्रथम फौजांचा होता. १८०३ च्या ऑगस्टात इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. १८१७ च्या नोव्हेंबरात जनरल स्मिथची पलटणे याच दिशेने पुण्यावर चालून आली आणि येरवड्याच्या लढाईनंतर शहर इंग्रजांच्या अमलाखाली गेले. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई याच वाटेवर भीमेकाठी झाली. फौजांच्या मागोमाग व्यापार आणि टपाल, आणि कालांतराने मोटार, अशा क्रमाने या रस्त्याचा राबता वाढत गेला, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक आपल्या हाती घेतली तेव्हा १ जून १९४८ रोजी सरकारी एस.टी.ची पहिली बस धावली तीही पुणे-अहमदनगर याच मार्गावर.

रस्ता आला की वाहन येते, वाहन आले की ते केव्हातरी अडते, आणि ते अडू लागले की त्याची निगा राखणाऱ्यांचा एक वर्ग व त्या निगेचा एक शिरस्ता निर्माण होतो. कारखान्यांच्या इतिहासात या शिरस्त्याला सहसा स्थान मिळत नाही. तेथे संस्थापकांची चरित्रे असतात, उत्पादनाचे आकडे असतात. तथापि एखाद्या इंजिनाचे भवितव्य त्याच्या कर्त्याच्या आराखड्यात जेवढे ठरते, तेवढेच ते ज्यांच्या हाती पडते त्यांच्या सवयींतही ठरते, हे दाखविणारे एक उदाहरण आहे. ते म्हणजे क्रीडामोटारींत बसविले जाणारे चक्री, अर्थात रोटरी, इंजिन. त्याचा जन्म जर्मनीत आणि प्रतिपाळ जपानात झाला असला, तरी त्याच्या कथेतील एक प्रकरण नगररस्त्याच्या पलीकडल्या टोकाला लिहिले गेले, आणि त्याच्या निगेची किल्ली पुण्याच्या मध्यमवर्गाच्या खिशात, त्याच्या नकळत, कित्येक वर्षे पडून होती.

खराडीहून दक्षिणेस नदी ओलांडली की मुंढवा लागते, आणि मुंढव्यास नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ साली स्थापन केलेल्या भारत फोर्जचा कारखाना आहे. तप्त पोलादावर प्रचंड घणांचे आघात करून तेथे क्रँकशाफ्ट घडविले जातात. सिलिंडरात खालीवर होणाऱ्या दट्ट्याची सरळ गती चाकास उपयोगी अशा वर्तुळाकार गतीत बदलण्याचे काम या वाकड्यातिकड्या दांड्याकडे असते, आणि गेल्या सव्वाशे वर्षांतील बहुतेक सर्व मोटारींचा तोच मेरुदंड होय. खडकीस १९४६ साली सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, आकुर्डीची बजाज, पिंपरीची टेल्को, या सर्वांची विद्या दट्ट्या आणि क्रँक या जोडीभोवतीच फिरत राहिली. पुणे परिसराची अवघी यंत्रसंस्कृती या दांड्यावर उभी राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तो दांडाच अनावश्यक ठरविण्याची प्रतिज्ञा करून आलेले इंजिन म्हणजे फेलिक्स वांकेल याचे चक्री इंजिन.

१९०२ साली जन्मलेल्या वांकेलपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. दट्ट्याने क्षणोक्षणी थांबावे, उलट फिरावे आणि पुन्हा धावावे, यात शक्तीचा व्यर्थ व्यय आहे, ही त्याची धारणा तरुणपणापासून होती. जर्मनीतील एन.एस.यू. या कंपनीच्या आश्रयाने त्याचे पहिले इंजिन १९५७ साली चालले, आणि त्याच कंपनीतील हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने त्याला व्यवहारात उपयोगी पडेल असे सुटसुटीत रूप दिले. त्याची रचना अशी: कमरेपाशी किंचित आवळलेल्या लांबट कोठीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो, त्याच्या तीन बाजू आणि कोठीची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात, आणि रोटर फिरताना प्रत्येक कप्पा आळीपाळीने मोठा व लहान होत हवा-पेट्रोल आत ओढणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे करतो. रोटर एकदा फिरला की मधला दांडा तीनदा फिरतो. झडपा नाहीत, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट नाही, खालीवर हिसके देणारे काही नाही. म्हणून लहानशा आकारातून मोठी शक्ती निघते आणि ती इतक्या स्निग्धपणे निघते की इंजिन मर्यादेबाहेर पळत आहे हे चालकास जाणवतही नाही.

या गुणांतच त्याचे दोष दडलेले होते. त्रिकोणाच्या तीन टोकांवर बसविलेल्या बारीक पट्ट्या, ज्यांस कारागीर अपेक्स सील म्हणतात, त्या कोठीच्या भिंतीस अखंड घासत राहिल्या तरच एका कप्प्यातील दाब दुसऱ्यात गळत नाही. आणि त्या घासत राहायच्या तर त्यांना सतत तेल पाहिजे, म्हणून हे इंजिन स्वतःच्या पोटातले तेल थोडे थोडे जाळण्यासाठीच घडविलेले असते. एन.एस.यू.ने १९६७ साली आरओ ८० ही देखणी मोटार बाजारात आणली, पुढील वर्षी तिला युरोपातील सर्वोत्कृष्ट मोटारीचा मान मिळाला, आणि थोड्याच काळात तिची इंजिने परत येऊ लागली. पट्ट्या झिजत होत्या, हे खरे. पण तेवढेच खरे हेही की दुरुस्ती करणाऱ्यांस हे यंत्र अपरिचित होते, प्रज्वलनाचा साधा दोष असतानाही संपूर्ण इंजिन बदलून देण्याचा प्रकार घडत होता, आणि मालक थंड इंजिन बेफाम पळवीत होते. हमीच्या दाव्यांच्या ओझ्याखाली कंपनी खचली आणि १९६९ साली फोक्सवागेनच्या छत्राखाली आउटो उनिओनमध्ये विलीन झाली.

जे जर्मनीत बुडाले ते हिरोशिमात तरले. तेथील तोयो कोग्यो, म्हणजेच माझदा, या कंपनीने १९६१ साली परवाना घेतला आणि केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ अभियंत्यांचा एक गट केवळ या इंजिनावर बसविला. कोठीच्या भिंतीवर पट्ट्यांच्या थरथरीने उमटणाऱ्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. त्या पुसण्यात काही वर्षे गेली, मग १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट, १९७८ साली आरएक्स-७, आणि २००३ साली प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरच्या दोन रोटरांची आरएक्स-८ अशी परंपरा निर्माण झाली. १९९१ साली चार रोटरांच्या ७८७बी या गाडीने ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. तो मान मिळविणारी ती पहिली जपानी गाडी. तरीही २००४ ते २००८ या काळातील आरएक्स-८ च्या इंजिनांवरील हमी कंपनीस अमेरिकेत ८ वर्षे वा १ लक्ष मैलांपर्यंत वाढवावी लागली. जपानातील कारखान्याने दोष पुष्कळ घालविले. मालकाने करावयाचे काम मात्र त्याच्याकडून काढून घेता आले नाही.

आता नगररस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. अहमदनगर, ज्यास अलीकडे अहिल्यानगर हे नाव मिळाले, तेथे चिलखती दळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि त्याच्या जोडीस वाहननगर येथे संरक्षण संशोधन खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था, अर्थात व्ही.आर.डी.ई., आहे. आज पाकिस्तानात असलेल्या चकलाला येथील लष्करी वाहनतपासणीच्या दफ्तराचा वारसा फाळणीच्या वेळी नगरास आला, तेथपासून तिची वंशावळ सांगितली जाते. लष्कराच्या ‘निशांत’ या वैमानिकरहित टेहळणी विमानास लागणारे वांकेल पद्धतीचे इंजिन आयात करावे लागत असे. ते देशातच घडविण्याची तजवीज झाली. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विशेष ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ओतकाम आणि कोठीच्या आतल्या भिंतीवरील निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप यांची सिद्धता केली, नगरच्या संस्थेने प्रज्वलन व इंधनपुरवठ्याची अंगे सांभाळली, आणि बंगळूरच्याच वैमानिकी विकास संस्थेने उड्डाणचाचणी घेतली. सुमारे ३० किलो वजनाचे आणि ५५ अश्वशक्तीचे हे इंजिन घेऊन ‘निशांत’ ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ उडाले आणि सुमारे ३५ मिनिटे आकाशात राहिले. विमानाच्या बाबतीत प्रत्येक उड्डाणाचे तास लिहिले जातात, ठरलेल्या तासांस ठरलेली तपासणी होते, आणि नोंद नसलेल्या यंत्रास आकाशात जाऊ दिले जात नाही. चक्री इंजिन अशाच घरी नांदते.

अशा नियमित निगेचा शिरस्ता नागरी जीवनात कोठे होता, असे कोणी विचारील तर त्यास पुण्याच्या दोन-आघाती, अर्थात टू-स्ट्रोक, स्कूटरकडे बोट दाखवावे लागेल. १९७२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या साली आकुर्डीहून बजाजची चेतक आली, आणि त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना ही मोपेड आली, जिचा कारखाना नगरास होता. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि इतक्या प्रतीक्षेने घरात आलेल्या वस्तूची कुटुंबात जी बडदास्त राहते, ती या वाहनास लाभली. सरस्वतीच्या पाटीशेजारी दसऱ्याला तिच्याही अंगावर झेंडूची माळ चढे. परंतु पूजेहून मोलाची होती ती वर्षभराची निगा. पहिले हजार किलोमीटर ‘रनिंग-इन’ म्हणून संथ वेग. पेट्रोलपंपावर आधी मापाने ऑइल आणि मग पेट्रोल, आणि दोहोंचे प्रमाण मालकाच्या जिभेवर. महिन्यातून एकदा प्लग काढून त्याचा रंग पाहणे आणि पॉलिश-पेपरने त्याचे टोक घासणे. ठरावीक अंतरानंतर हेड उघडून कार्बन खरवडणे, आणि सायलेन्सर भट्टीत तापवून त्यातील काजळी झाडणे. वाड्याच्या बोळात सकाळी स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारणारे कारकून आणि प्राध्यापक यांत्रिकीचे पदवीधर नव्हते. परंतु इंधनात तेल का लागते, प्लग काळा पडला तर काय समजावे, आणि तापलेले इंजिन कोणत्या आवाजात तक्रार करते, हे त्यांस अवगत होते.

हेच ज्ञान चक्री इंजिनास हवे असते. दोन-आघाती इंजिनाप्रमाणे त्यालाही झडपा नाहीत, त्याच्याही कोठीच्या भिंतीत पोर्ट नावाची छिद्रे असतात, तेही तेल जाळते आणि कार्बन साठविते. यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलच्या शौकिनांनी पोर्ट कोरून रुंद करण्याची जी विद्या आपल्या गॅरेजांत चालविली, तीच विद्या, त्याच नावाने, जगभरचे रोटरीचे कारागीर चालवितात. त्यामुळे माझदाची क्रीडामोटार ही परदेशी वस्तू पाहून पुण्यातला जुना स्कूटर-मिस्त्री बुजण्याचे कारण नाही.

ही मोटार भारतात कंपनीने कधी विकली नाही. येथे आलेल्या थोड्या गाड्या आयातीच्या वाटेने आल्या. ती वाट अरुंद आहे: जुनी मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे सुकाणू उजवीकडे असावे, आणि जकातीचा बोजा गाडीच्या मूळ किमतीलाही मागे टाकणारा असतो. आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ साली थांबले असल्यामुळे आज अशी गाडी घेणारा माणूस ती दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडूनच घेतो, आणि नवी गाडी व नव्याने घेतलेली गाडी यांतील अंतर येथे फार मोठे असते.

म्हणून पहिले काम परीक्षेचे. साध्या मोटारीचा दाबमापक येथे चालत नाही, कारण तो तीन कप्प्यांपैकी सर्वांत बलवान कप्प्याचा दाब दाखवून उरलेल्या दोहोंचे दैन्य झाकतो. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे दाब निरनिराळे नोंदविणारे खास यंत्र लागते. आरएक्स-८ साठी मिनिटास २५० फेऱ्यांच्या गतीला सुमारे ८३० किलोपास्कल हा निरोगी दाब आणि ६८० ही शेवटची मर्यादा मानतात. दुसरे काम प्रज्वलनाचे. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, आणि कॉइल थकल्या की न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवून गुदमरविते. म्हणून कॉइल, तारा व प्लग एकदमच बदलून टाकावेत, असा जाणत्यांचा प्रघात आहे. तिसरे काम तेलाचे: दर ५,००० किलोमीटरच्या आसपास बदल, दर दुसऱ्या पेट्रोलभरणीस डिपस्टिक काढून पाहणे, आणि पुष्कळांच्या मते टाकीत लिटरमागे चार-पाच मिलिलिटर टू-टी ऑइल, म्हणजे चेतकच्या काळातील मापाचा चौथा-पाचवा हिस्सा. चौथे काम शीतनाचे, आणि खराडीत ते सर्वांत महत्त्वाचे. कारण बायपास चौकातील सायंकाळच्या गर्दीत, वैशाखाच्या उन्हात, तासभर रांगत राहिलेल्या गाडीच्या ॲल्युमिनियमच्या कोठ्या एकदा मर्यादेबाहेर तापल्या की त्यांमधील पाण्याची सीले जातात आणि सगळे इंजिन उघडावे लागते.

यावरून पहिल्या फेरफारांचा क्रमही ठरतो. चांगला रेडिएटर, तेलाचे व पाण्याचे खरे तापमान दाखविणारे मापक, आणि सशक्त कॉइल हे आधी. एक्झॉस्टचा आवाज आणि हवेचा मार्ग बदलण्याची हौस नंतर. त्या हौसेवर कायद्याचाही अंमल आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत मांडले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड वा ६ महिन्यांपर्यंत कैद ठरली. म्हणजे गाडी टिकविण्यासाठी आधी करावयाची कामे कोणती, याविषयी कायदा आणि कारागिरी यांचा कौल बहुतांशी एकच पडतो.

उरते ते चालविण्याचे शिक्षण. थंड इंजिन सुरू करून गाडी दोन मीटर मागे घेतली आणि लगेच बंद केली, तर कोठ्यांत पेट्रोल साचून ती पुन्हा सुरू होत नाही, आणि प्लग काढून कोठ्या कोरड्या कराव्या लागतात. तेव्हा सुरू केले की पुरते तापू द्यावे, मगच बंद करावे. तापण्यापूर्वी वेग चढवू नये. तापल्यावर मात्र अधूनमधून काटा वरच्या मर्यादेपर्यंत जाऊ द्यावा, म्हणजे कार्बन झडतो. गल्लीतल्या किराण्यापुरती फेरी या इंजिनास मानवत नाही, लांबची वाट मानवते. नव्या गाडीची पूजा पुणेकर सारसबागेच्या गणपतीपुढे करतात. खराडीच्या माणसास त्याहून सोयीचा अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती, जो याच नगररस्त्यावर पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. शिक्रापूर मागे पडेपर्यंत इंजिन समतोल तापलेले असते, रस्ता मोकळा झालेला असतो, आणि देवदर्शनाची प्रथा व यंत्राची गरज या दोन्ही एकाच फेरीत भागतात.

चेतकचे जुने रूप या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाले, आणि आज तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला आहे, जिच्यात तेल ओतावे लागत नाही आणि प्लगही नाही. यात खेद मानण्याचे कारण नाही. शहराच्या हवेचा त्यात लाभच आहे. परंतु दोन पिढ्यांनी कमावलेले निगेचे ज्ञान कोणत्याही दफ्तरात नोंदले गेलेले नाही. आर.टी.ओ.च्या दाखल्यावर इंजिनाचा क्रमांक मिळतो, मालकांची नावे मिळतात. तेल केव्हा बदलले, दाब किती भरला, गाडी कितीदा तापली, यांतले काहीच मिळत नाही. चक्री इंजिनाच्या जाणत्या गिऱ्हाइकास मात्र नेमके तेच हवे असते, आणि म्हणून जिच्याबरोबर निगेची लिखित वही येते ती गाडी तो जास्त दाम देऊन घेतो. कारखान्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांनीही या गिऱ्हाइकाचा कित्ता गिरवावा. पुणे आणि नगर या दोन टोकांमधील गॅरेजवाल्यांच्या नोंदवह्या अजून कोठे शिल्लक असतील, तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी मागून घ्याव्यात. कारण कोणते इंजिन या मुलखात का टिकले आणि कोणते का बुडाले, याचा अर्धा पुरावा त्यांतच आहे.